पाहुण्याचं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढे दिवा लावताना मनातल्या मनात सांगावं म्हटलं, तर तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठायचे. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. ती गेल्या माघात गेली. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. पण बसा जरा. अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे लिहिते तेही बोलल्यासारखंच. मध्येच भलतीकडे वळले तर रागावू नका.

गोष्ट एका झाडाची आहे. म्हणजे — झाडाची नाहीच, माझी आहे. पण झाडापासून सुरुवात केली की मला जरा सोपं जातं.

लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा गावात आगगाडी नवी नवी होती. सासरचा धंदा मिरचीचा. अंगणात मिरची, ओसरीवर मिरची, पोत्यांत मिरची. नवी नवरी म्हणून डोक्यावर पदर घेऊन बसले आणि लागले शिंकायला! एक शिंक संपते तोवर दुसरी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हा कोणीतरी माझ्या हाताला धरून मला आत माजघरात नेलं, खिडकीजवळ बसवलं आणि म्हणालं, "आठे बठ व माय. आठे मिरची येत नही. आठे मन्हा पाहुणा ऱ्हास."

ती जिजी. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आणि पाहुणा म्हणजे खिडकीतल्या तुपाच्या डब्यात लावलेलं वीतभर उंचीचं झाड.

जिजीचं लग्न नवापूरकडे झालं होतं. सोळाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं आणि ती माहेरी परत आली. येताना एक पेटी आणली आणि हे झाड. सासरच्या विहिरीच्या चिऱ्यात उगवलं होतं म्हणे. दागिने त्यांनी ठेवून घेतले, झाडाचं कोणाला काही नव्हतं. बाहेर लावावं तर अंगण मिरचीने भरलेलं आणि गल्लीत शेळ्या मोकाट. म्हणून ते घरातच राहिलं. वडासारखं म्हणावं तर पान केवढंसं — बोटाच्या दोन पेरांएवढं, जाड, तेल लावल्यासारखं चकचकीत. पान तोडलं की दूध यायचं. आमच्या कोरड्या मुलखात असलं झाड कोणी पाहिलेलंच नव्हतं. नाव माहीत नाही, म्हणून जिजी त्याला पाहुणा म्हणायची. सकाळी उठून आधी त्याची चौकशी. "काय म्हणस पाहुणा? झोप लागनी का?" मला आधी वाटलं, बाई जरा हललेली आहे. महिन्याभरात मीही विचारायला लागले.

डब्याची परात कशी झाली तेही सांगते. गल्लीत कल्हईवाले चाचा यायचे, गावातलेच, त्यांच्या बापाचीही इथेच भट्टी होती. एकदा झाड बघून ते म्हणाले की कुठल्याशा वैद्याच्या घरी त्यांनी असली झाडं उथळ भांड्यात पाहिली आहेत, बापाच्या वयाची आणि गुडघ्याएवढी. जिजीने विचारलं, कशी ठेवतात? चाचा भाता ओढत म्हणाले, "झाड़ को और जमाई को जादा जगह नहीं देने का, जिजी. फैल जाते हैं." आणि एका जुन्या तांब्याच्या परातीला बुडाशी भोकं पाडून दिली. जिजी हसली तशी मी तिला क्वचितच हसताना पाहिलं.

मग दर चैत्रात आमचा सोहळा. आम्ही दोघी झाड अलगद उपसून काढायचो. जिजी लिंबाच्या काडीने मुळं विंचरायची — हो, विंचरायचीच, जटा सोडवाव्या तशी — आणि खालची केसासारखी मुळं कातरीने छाटायची. नदीची वाळू, शेतातली काळी माती, जुनं शेणखत. तेही पिठाच्या चाळणीने चाळलेलं, त्यावरून सासूबाईंची बोलणी खायची. नवा कोंब फुटला की दोन पानं ठेवून शेंडा खुडायचा. खुडलं तिथून दोन फांद्या फुटायच्या. सासरच्या विहिरीजवळचा एक दगड तिने पेटीत आणला होता, तो मुळांखाली ठेवला. चार वर्षांत मुळांनी त्याला मिठी मारली. आणि गंमत बघा, जितकं छाटावं तितकं झाड टवटवीत. पानं आणखी बारीक, आणखी दाट. बुंधा माझ्या मनगटाएवढा झाला आणि त्यातून बारीक बारीक तंतू लोंबायला लागले, पारंब्यांसारखे. दर सोमवारी जिजी परात थोडी फिरवायची. का, तर पाहुण्याच्या पाठीलाही ऊन लागायला हवं.

मी अजून मूळ गोष्टीला हात घातला नाही, नाही का? घालते.

लग्नाला पाच वर्षं झाली आणि माझी कूस रिकामी. पहिली दोन वर्षं कोणी बोललं नाही. तिसऱ्या वर्षी अंगारे-धुपारे. पाचव्या वर्षी कळसाडीची एक मुलगी बघून ठेवली आहे असं माझ्या कानावर आलं. घरचे — म्हणजे माझे यजमान — भले माणूस. पण आईपुढे त्यांनी कधी मान वर केली नाही. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की कळसाडीची माणसं बोलणी करायला येणार होती. सवत म्हणजे काय, ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिलं होतं. मावशी गोठ्याशेजारच्या खोलीत निजायची.

त्याच दिवसांत सासूबाईंची एक शेजारीण घरी आली. माजघरात डोकावली, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरमा खुंटेल झाड, घरमा खुंटेल सून. आते आखो काय सांगू?"

झालं. सासूबाईंच्या मनाने घेतलं. पण त्या तशा न्यायाच्या होत्या, खोटं कशाला बोलू? त्या म्हणाल्या, आधी झाड कसलं ते कळू दे. साधं झुडूप असेल तर राहू दे बिचारीचं. पण वड, पिंपळ, उंबर यांतलं निघालं — देवाचं झाड, आणि घरात आणून त्याची मुळं कातरली — तर वंश खुंटायला दुसरं कारण शोधायला नको. मग आधी ते बाहेर काढायचं आणि वर्षभर वाट बघायची. कळसाडीचं नंतर.

समजलं ना तुम्हांला? मलाही समजलं. लगेच समजलं.

बाजाराच्या दिवशी नवापूरकडची एक बाई गाडीने यायची. डिंक, हिरडे, कसल्या कसल्या मुळ्या विकायची. डोंगरातली, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. झाड तिकडचंच, तेव्हा तीच ओळखेल असं ठरलं. जिजी बाजारात जात नसे, म्हणून मला पाठवलं. जिजीने स्वतःच्या हाताने पाच पानांची एक डहाळी कातरली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. तिचे डोळे नुसते लकाकत होते. "नाव नीट इचारी ये, कमय. इतला वरीस व्हयनात, बिगर नावना पाहुणा शे. आते त्याले नाव लिसन हाक मारसू." माझं नाव कमळ. तिच्या तोंडी कमय.

त्या बाईने डहाळी हातात घेतली आणि एका क्षणात ओळखली. पान मोडलं, दूध बघितलं, पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "नांदरूक शे हाई." मी विचारलं, वड नाही? ती हसली. वडाचं पान तळहाताएवढं, पाठीला लव असते. हे बघ, दोन्हीकडून गुळगुळीत. आमच्याकडे ओढ्याकाठी असतं म्हणाली, खडकाला धरून. मूठभर मातीवर जगतं. मी परातीचं सांगितलं, मुळं छाटतो तेही सांगितलं. म्हटलं, मरेल का? पाप लागेल का? ती म्हणाली, त्याला खडकाने जन्मभर हेच केलेलं असतं, तुमच्या कातरीचं त्याला काय! घरात ठेवा, छाटा, तुमच्या नातवंडांना बघेल ते. मग उरलेली डहाळी माझ्या हातात परत देत म्हणाली, "कोणी पायं याले इतलं?" म्हटलं, माझ्या नणंदेने पाळलं. ती म्हणाली, "चांगला हात शे तिना."

चांगला हात आहे तिचा. हे मी जिजीला सांगायचं होतं. किती वर्षं झाली, हे वाक्य माझ्याकडेच पडून आहे.

बाजारापासून आमचं घर काही लांब नव्हतं. पण तेवढ्या वाटेत मी ते तयार केलं. अखाजी सरली होती; घरी पोचले तर ओसरीवर कळसाडीची दोन माणसं बसलेली, गूळपाणी घेत होती. त्यांना बघून घाबरले आणि तोंडातून निघून गेलं, असं सांगायचा मोह होतो बरं का. पण तसं नाही. वाटेत, मिरचीच्या ढिगांमधून चालताना, मी शब्दन् शब्द जुळवला होता. वड म्हणायचं. पान एवढंसं का? छाटून छाटून. पारंब्या तर होत्याच. दूधही होतं. दरवर्षी वटपौर्णिमेला मी स्वतः वडाला सूत गुंडाळत होते. मला वडाचं पान ओळखू येत नव्हतं का?

सासूबाई मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. जिजी दाराशी उभी होती, शाळेतल्या पोरीसारखी.

"वड शे," मी म्हटलं. "कातरी कातरी पानं ल्हान व्हयी गयात."

सासूबाईंचा हात थांबला. उठून बाहेर ओसरीवर गेल्या आणि कळसाडीच्या माणसांना सांगितलं की घरात एक दोष निघाला आहे, वर्षभर थांबू. मी ते ऐकलं आणि — काय सांगू — मला मोकळा श्वास आला.

आणि मग जिजी माझ्याजवळ आली. माझ्याहून वयाने मोठी, मानाने मोठी. खाली बसली आणि तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "मन्हा हाते घडनं व, कमय. तुन्ही कूस मी कातरी. माफ कर."

आता बघा. खोटं बोलणं एक झालं. भीतीने माणूस बोलून जातं. पण तेव्हा, ती पायाशी असताना, खोलीत आम्ही दोघीच होतो. सासूबाई बाहेर. तिच्या कानात हळूच सांगता आलं असतं. ती कोणाला बोलली नसती; माझ्यासाठी तिने झाड आपण होऊन सोडलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग मी काय केलं? मी तिला उठवलं आणि म्हटलं, "जाऊ द्या जिजी. तुम्ही काय मुद्दाम केलं?"

मी तिला माफ केलं. ऐकलंत ना? मी — तिला.

वडाला फेकता येत नाही. म्हणून झाड बैलगाडीतून म्हसावदला गेलं, आमच्या शेतातल्या विहिरीपाशी. चार सवाष्णींनी ते मातीत लावलं, हळदकुंकू वाहिलं. जिजी गेली नाही. तिने जायचं नव्हतंच. गाडी हलेपर्यंत ती परातीवर हात ठेवून उभी होती. चाक फिरलं तेव्हा म्हणाली, "पाणी जपीसन दे ज्यात. त्याले जास्त चालत नही." परात परत आली. बुडाशी भोकं असलेल्या परातीचा काय उपयोग? माजघराच्या भिंतीवर ती तशीच टांगलेली राहिली. खिडकीतून ऊन आलं की भोकांमधून समोरच्या भिंतीवर ठिपके पडायचे. मी तिकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली.

वर्ष सरायच्या आत मला दिवस गेले. गोदी झाली. मुलगी झाली म्हणून सासूबाई थोड्या हिरमुसल्या, पण खुंटलं होतं ते फुटलं याचाच आनंद मोठा. गल्लीभर झालं, वड घराबाहेर गेला आणि पाळणा घरात आला. मला स्वतःलाही कधी कधी वाटायचं — पुरे, खरंच तसंच असेल. माणूस आपल्याच खोट्यावर किती लवकर विश्वास ठेवतो, नाही?

पण अजून एक आहे.

बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेत म्हणून नवापूरच्या त्याच बाईला सासूबाईंनी घरी बोलावलं. मी आत बाजेवर, दहा दिवसांची गोदी कुशीत. दाराबाहेर जिजी डिंक निवडून घेत होती. बाईने विचारलेलं मला स्वच्छ ऐकू आलं: "तुमनं नांदरूक कसं शे?" जिजीला तो शब्दच ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "कसानं नांदरूक? आमना घर ते वड व्हता." बाई हसून म्हणाली, "वड? कोणी सांगं—"

मी गोदीच्या पायाला चिमटा काढला.

दहा दिवसांचं लेकरू. असं किंचाळलं की जिजी हातातला डिंक टाकून आत धावली. सासूबाईंनी त्या बाईला घाईघाईने दाणे घालून वाटेला लावलं. जिजीने गोदीला उचललं, पोटरीवरचा लाल ठिपका बघितला. मग माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं? मला सांगता येणार नाही. मग तेल लावत म्हणाली, "मुंगी चावनी व्हई." आणि पुन्हा ना त्या ठिपक्याचा विषय, ना त्या शब्दाचा.

त्यानंतर बाजारात ती बाई दिसली की मी दुसऱ्या ओळीने जायची.

गोदीला वाढवलं जिजीने. माझी दुसरी दोन बाळंतपणंही तिनेच काढली. न्हाऊमाखू घालायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायची, काजळ घालायची. फक्त एक काम तिने कधी केलं नाही. तिने पुन्हा कातर हातात धरली नाही. चिंधी फाडायची तर दातांनी. पोरांची नखं वाढली की माझ्याकडे घेऊन यायची आणि तोंड फिरवून बसायची. "तूच काप व. मन्हा हात चांगला नही."

चांगला हात शे तिना. माझ्या जिभेवर यायचं आणि मी नखं कापत राहायची.

म्हसावदचं झाड केवढं झालं! विहिरीवर पूर्ण सावली, बैलांची एक जोडी सहज बसेल. पहिली काही वर्षं गडीमाणसं म्हणायची, हा कसला वड? पण आमच्या घरून वड म्हणून आलेला, तेव्हा वडच. आजूबाजूच्या बायका ज्येष्ठात त्यालाच सूत गुंडाळतात. मीही गुंडाळलं आहे. सात फेरे, दरवर्षी. त्या झाडाने कधी तक्रार केली नाही. नवरे काही त्यामुळे लवकर मेले नाहीत.

जिजीची तब्येत खालावली, तेव्हा तिने एकच मागितलं, एकदा म्हसावदला घेऊन चल. गोदी सासरी होती, म्हणून मीच नेलं. गाडीतून उतरवून झाडाखाली बसवलं. बराच वेळ ती वर बघत राहिली. बुंध्याशी मुळांच्या विळख्यात तो विहिरीचा दगड अजून दिसत होता. त्यावरून तिने हात फिरवला. मग एक खालची फांदी धरली, पान बोटांत घेतलं आणि अगदी जुन्या सुरात म्हणाली, "काय म्हणस पाहुणा?"

आणि मग, त्यालाच, माझ्याकडे न बघता: "इतला मोठा व्हयना, पण पानं ते ल्हानच ऱ्हायनात. मीच कातरं ना तुले. ते काही भरी निंघनं नही."

मी शेजारी उभी होते. हातभर अंतरावर. विहिरीवर कोणी नव्हतं, गाडीवान बैलांना पाणी दाखवायला गेला होता. माझी सासू जाऊन पंधरा वर्षं झाली होती, कळसाडीच्या मुलीला नातवंडं झाली होती. मला भ्यायला आता जगात काही उरलं नव्हतं. एकच शब्द होता. मी तिचा पदर सावरला आणि म्हटलं, "चला जिजी, ऊन चढतंय."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

तिला कळलं होतं का? त्या दिवशी तो ठिपका बघून? मी पुष्कळ विचार केला. कळलं असेल तर झाडाखाली ती काय बोलली असती? आणि कळलं नसेल तर — पण असा विचार करत बसणं म्हणजेही स्वतःसाठी एखादी पळवाट शोधणंच. तिला कळलं असो नसो, मी सांगितलं नाही. एवढंच माझं आहे.

परात अजून भिंतीवर आहे. आज सकाळी ती उतरवली, चिंचेने घासली आणि परत टांगली.

जिजी, ते नांदरूक होतं. त्याची पानं एवढीच असतात.